‘द व्हॅगबॉंड’ (१९१६): फिडलवाला चार्ली, जर्मन बँड आणि नीट पाहण्याच्या युक्त्या

दोनरिळी

चॅप्लिन म्हटलं की गाडी ‘द किड’, ‘सिटी लाइट्स’, ‘मॉडर्न टाइम्स’ या तीन स्थानकांवर थांबते. त्याआधीच्या म्युच्युअल कंपनीच्या बारा छोट्या चित्रपटांकडे फारसं कुणी वळत नाही. त्यातला तिसरा, १० जुलै १९१६ रोजी प्रदर्शित झालेला ‘द व्हॅगबॉंड’, हा या चर्चा-धाग्याचा विषय.

चार्ली रस्त्यावर फिडल (म्हणजे व्हायोलिनच) वाजवून पोट भरणारा. पहिल्यांदा दिसतात ते गुत्त्याच्या झुलत्या दाराखालून त्याचे पाय. मग बगलेत फिडल घेऊन स्वारी बाहेर येते आणि वाजवायला लागते. त्याच वेळी गुत्त्याच्या दुसऱ्या अंगाला पितळी वाद्यांचा एक जर्मन बँड सुरू होतो. त्या दणक्यापुढे एकट्या फिडलचं काय चालणार? पण पैसे मागायची वेळ आल्यावर चार्ली बँडच्या श्रोत्यांपुढे टोपी फिरवून मोकळा होतो. बँडचा म्होरक्या थाळी फिरवायला येतो तेव्हा सगळ्यांचे खिसे आधीच हलके झालेले. पुढे झुलत्या दारांतून आत-बाहेर जी पळापळ होते ती सांगण्यापेक्षा पाहावी.

यातली खरी मजा अशी की मूकपटातला हा विनोद पूर्णपणे आवाजावर उभा आहे. कुणाचं ऐकू येतंय आणि कमाई कुणाच्या टोपीत पडतेय, एवढाच मुद्दा. पडद्यावरून एक सूरही न निघता तो कळतो. म्हणून या चित्रपटाला मागे कुठलंही पियानो-संगीत लावून दिलं की विनोदाचा जीवच जातो, आणि जालावरच्या बहुतेक प्रतींत नेमकं तेच झालंय.

पन्नासेक माणसांच्या खोलीत खेळ लावायचा तर प्रत कोणती घ्यावी, वेग किती ठेवावा आणि संगीताचं काय करावं, यावर जाणकारांनी लिहावं. जिप्सींच्या तळावर, त्यांनी पळवलेल्या मुलीपुढचा फिडल-प्रसंगही चर्चेला हवाच.

पडद्यामागे

चांगला विषय. आधी वेगाचं बोलू, कारण नव्वद टक्के घोळ तिथे होतो.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) असतात. पूर्ण रीळ १००० फुटांचं, म्हणजे १६,००० चौकटी. हा चित्रपट दोन रिळांचा. दोन्ही रिळं भरलेली धरली तर चालण्याचा वेळ असा येतो: सेकंदाला १६ चौकटींनी ३३ मिनिटं २० सेकंद, १८ ने २९ मिनिटं ३८ सेकंद, २० ने २६ मिनिटं ४० सेकंद आणि २४ ने २२ मिनिटं १३ सेकंद. शेवटचं रीळ काठोकाठ भरलेलं नसतं, तेव्हा मिनिटभर इकडेतिकडे.

त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे. हँडलच्या एका फेऱ्यात ८ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणून १६. पण विनोदी चित्रपटात धावपळीच्या वेळी छायाचित्रकार मुद्दाम हळू फिरवायचा, म्हणजे पडद्यावर ती धावपळ जास्त वेगाने दिसे. शिवाय थिएटरातला ऑपरेटर चित्रीकरणापेक्षा थोड्या जास्त वेगानेच चालवायचा. तेव्हा ‘खरा वेग १६’ असं छातीठोकपणे म्हणण्यात अर्थ नाही. या चित्रपटाला १८ ते २० बसतो.

बोलपट आल्यावर सगळे प्रोजेक्टर २४ वर गेले आणि जुने मूकपटही त्याच वेगाने चालायला लागले. ‘जुन्या सिनेमात माणसं टुणटुण उड्या मारत चालतात’ हा समज तिथून आला.

आपल्या हातातली फाइल कशी आहे ते ओळखायचं असं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ ही कळ दाबत एकेक चौकट पुढे न्या आणि हलती वस्तू असलेल्या जागी मोजा.

– २४ च्या फाइलमध्ये एकही चौकट दोनदा येत नसेल, तर ती सरळ २४ ने उतरवलेली आहे. वेग ०.८ ठेवा. म्हणजे साधारण १९ झाले.
– दर सहा चौकटींत एक पुन्हा येत असेल, तर मूळ २० चा वेग आधीच राखलाय. हात लावू नका.
– दर चारांत एक पुन्हा येत असेल, तर १८ राखलेत. तेही तसंच ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारच्या फाइलचा वेग आणखी कमी केला की माणसं पाण्यातून चालल्यासारखी दिसतात आणि चित्र अडखळतं. ‘मूकपट म्हणजे वेग कमी करायचाच’ असं धरून चालल्याने हे होतं.

व्हीएलसीत उघडणारा चौकटी कंस ( [ ) दाबला की वेग ०.१ ने उतरतो. त्यासोबत फाइलमधलं संगीतही ताणलं जातं, म्हणून ते आधी बंद करावं.

उपटसुंभ

म्हणजे नुसता एकूण वेळ पाहून ठरवलं तर? फाइल २२ मिनिटांची असेल तर ती २४ ने उतरवलेली, इतकं सोपं नाही का?

पडद्यामागे

नाही ना. २२ मिनिटांची फाइल ही २० च्या वेगाची पण चार-पाच मिनिटं कापलेली प्रतही असू शकते. आधी प्रसंग मोजा. गुत्त्यापुढचा बँड, श्रीमंत आई हरवलेल्या मुलीचा फोटो पाहते तो प्रसंग, जिप्सींचा तळ, चार्ली आणि मुलगी गाडी पळवतात तो भाग, मुलीचं तोंड धुणं, न्याहारी, चित्रकार, प्रदर्शन, मोटार. सगळे असतील आणि तरी २२ मिनिटंच असतील तर वेग जास्त आहे.

आणखी एक कसोटी. चार्लीकडे पाहून वेग ठरवू नका, त्याची चालच वेगळी. मागून जाणारे साधे लोक पाहा, सांडणारं पाणी पाहा. एक मीटरवरून पडलेली वस्तू खाली यायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. १६ ने टिपलेला प्रसंग २४ ने चालवला की ती ०.३ सेकंदात पडते. पाणी खोटं बोलत नाही.

बिनबोली

वेगाबाबत थोडी असहमती नोंदवतो. पहिल्या भागातली पळापळ २४ ला जास्त खुलते. दारं झुलतात, माणसं आपटतात, सगळं घड्याळासारखं. २० ला तीच पळापळ किंचित सैल वाटते. पण न्याहारीचा प्रसंग २४ ला पार वाया जातो. चार्ली चौकड्यांचा शर्ट टेबलावर अंथरून त्याचा टेबलक्लॉथ करतो आणि त्याच्याच बाह्यांचे हातरुमाल! त्यातली बारीक अदब हळू वेगातच दिसते.

पडद्यामागे

मान्य. पण खेळाच्या मध्येच वेग बदलू नका. दर बदलाला चित्र क्षणभर थबकतं आणि सोबत वाजवणाऱ्यांचा ताल सुटतो. एकच निवडायचा तर न्याहारीकडे पाहून निवडा, पळापळ आपलं पाहून घेते.

गज_आणि_तार

फिडलविषयी लिहितो. हा चित्रपट पाहिलेल्या दहांतल्या चारांना वाटतं की प्रत उलटी छापली आहे, कारण चार्ली गज (बो) डाव्या हाताने ओढतो. प्रत बरोबर आहे. चॅप्लिन डावखुराच वाजवायचा. आत्मचरित्रात त्याने नोंदवलंय की आपल्या व्हायोलिनच्या तारा डावखुऱ्यासाठी लावलेल्या होत्या आणि आतला बास बार आणि साउंड पोस्टही बाजू बदलून बसवलेले होते. सोळाव्या वर्षापासून तो दिवसाला चार ते सहा तास रियाज करायचा, असंही त्यात आहे. तेव्हा पडद्यावर दिसतो तो वाजवण्याचा अभिनय नव्हे, वाजवता येणाऱ्या माणसाने केलेली थट्टा आहे. गज तारेवर कुठे टेकतो आणि मनगट कसं वळतं ते पाहा, लगेच कळेल.

प्रत खरोखर उलटी आहे का हे तपासायला बँडच उपयोगी पडतो. ट्रॉम्बोनची सरकती नळी उजव्या हातात असते, ट्रम्पेटच्या कळाही उजव्यानेच दाबतात. बँडवाले उजवे आणि चार्ली डावा दिसला की प्रत सुलट. (ट्रॉम्बोनवाला अल्बर्ट ऑस्टिन, म्होरक्या जॉन रँड.) मधे मधे येणाऱ्या मजकुराच्या इंग्रजी पाट्यांच्या कार्डांवर विसंबू नका. ती वेगळी बनवून मध्ये जोडलेली असतात, त्यामुळे चित्र उलटं असूनही अक्षरं सुलट असू शकतात.

डावखुरं व्हायोलिन म्हणजे नुसत्या तारांची अदलाबदल असा समज आहे, त्याबद्दल थोडं. साध्या व्हायोलिनमध्ये ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या) खर्जाकडच्या पायाखाली, पोटाला म्हणजे पुढच्या फळीला आतून चिकटवलेली एक लांब पट्टी असते, तो बास बार. तारसप्तकाकडच्या पायाच्या किंचित मागे एक उभी दांडी नुसत्या दाबाने अडकलेली असते, तो साउंड पोस्ट. जाड तारेचा कंप पट्टीतून सगळ्या पोटावर पसरतो आणि बारीक तारेच्या बाजूला दांडी तो पाठीपर्यंत पोचवते. फक्त तारा फिरवल्या तर जाड तार दांडीच्या डोक्यावर येते आणि खर्ज बसका, कोंदट निघतो. बारीक तार मोकळ्या पट्टीवर येऊन किरकिरते.

वर ब्रिजची उंचीही दोन्हीकडे सारखी नसते. बोटं दाबायच्या पट्टीच्या टोकाशी बारीक तार सुमारे ३ ते ३.५ मिमी उंच आणि जाड तार ५ ते ५.५ मिमी. तारा फिरवून ब्रिज तोच ठेवला तर बारीक तार दाबताना बोट कापतं आणि जाड तार बोटांच्या पट्टीवर खडखडते. म्हणून पूर्ण काम म्हणजे पोट उघडून बास बार दुसऱ्या बाजूला, साउंड पोस्ट दुसऱ्या बाजूला, नवा ब्रिज, नटच्या (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात त्या तुकड्याच्या) खाचा नव्या, खुंट्यांचा क्रम उलटा आणि हनुवटीची वाटी पलीकडे. चॅप्लिनने यातलं मुख्य काम करून घेतलं होतं यावरूनच त्याचा वाजवण्याचा नाद किती खरा होता ते दिसतं.

दोनरिळी

वा! त्याच वर्षी, म्हणजे १९१६ मध्ये, त्याने स्वतःच्या नावाची संगीत प्रकाशन कंपनीही काढली होती. त्याचाच हिशेब असा की २००० प्रती छापल्या आणि तीन खपल्या. त्यातल्या दोन जिन्यावरून खाली जाणाऱ्यांनी घेतल्या! पडद्यावरच्या फिडलवाल्याची कमाई याहून बरी म्हणायची.

आणि हा फिडलवाला पडद्यावर आणणाऱ्याला म्युच्युअल त्या वेळी आठवड्याला १०,००० डॉलर देत होती, शिवाय करारावर सही करतानाचे १,५०,००० वेगळे. सही करताना वय २६.

भातासूर

जर्मन बँड ही काही हॉलीवूडची कल्पना नव्हे. जर्मनीच्या पश्चिम पॅलेटिनेट भागातून, कुझेल आणि माकेनबाखच्या आसपासच्या गावांतून, एकोणिसाव्या शतकात वादकांचे जत्थे जगभर हिंडायचे. शेतीत भागत नव्हतं म्हणून गावंच्या गावं वाद्यं शिकली. इंग्लंडच्या रस्त्यांवर ‘जर्मन बँड’ हा रोजच्या परिचयाचा शब्द होता. काहींना त्यांचा इतका ताप व्हायचा की गणकयंत्राचा आराखडा करणारे चार्ल्स बॅबेज वर्षानुवर्षं रस्त्यावरच्या वादकांशी भांडले आणि १८६४ मध्ये लंडनसाठी त्यांच्याविरुद्ध कायदा झाला. घरमालकाने सांगितलं की वादकाने निघून जायचं, नाही तर ४० शिलिंगांपर्यंत दंड. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि हे बँड ब्रिटनच्या रस्त्यांवरून नाहीसे झाले. म्हणजे १९१६ च्या इंग्रज प्रेक्षकाला हा प्रसंग नुकत्याच गेलेल्या काळाचा वाटला असणार. अमेरिका तेव्हा अजून युद्धात उतरलेली नव्हती.

चॅप्लिनचं बालपण दक्षिण लंडनचं. आत्मचरित्रात त्याने लिहिलंय की संगीत म्हणजे काय हे त्याला पहिल्यांदा उमगलं ते केनिंग्टन क्रॉसला, एका पबच्या दाराशी कुणीतरी हार्मोनियम आणि क्लॅरिनेट वाजवत होतं तेव्हा. आता ‘द व्हॅगबॉंड’ची सुरुवात कुठे होते? गुत्त्याच्या दाराशी. यापुढे काही सिद्ध करायला जात नाही, पण सोबतीला हार्मोनियम घ्यायला कुणी नाक मुरडलं तर हा दाखला द्यावा.

आता संगीत. दोन वादक आणि एक तालवाला पुरतात: व्हायोलिन, हार्मोनियम आणि ढोलकी किंवा तबला. आपल्याकडे मूकपटांच्या काळात हार्मोनियम-तबल्याची साथ असायचीच, तेव्हा ओढूनताणून काही होत नाही.

बँडचा प्रसंग. इथे व्हायोलिन एकटं सुरू करायचं, मध्यम आवाजात, साधी तीन मात्रांची चाल. दादऱ्याच्या अंगाने घेतली तरी चालते. बँड दिसताच हार्मोनियमने जोराने केरव्यात घुसायचं. मात्रा १ आणि ५ वर खर्ज, मधल्या मात्रांवर सूर. ‘धूम-चाक धूम-चाक’ असा लग्नाच्या बँडचा बाज आला की काम झालं. महत्त्वाचं म्हणजे व्हायोलिनने थांबायचं नाही. तीन मात्रांची चाल तशीच चालू ठेवायची आणि बुडायचं. दोन ताल एकमेकांवर आदळले की ऐकणाऱ्याला हसू येतंच. टोपी फिरताना मात्र फक्त बँड. चार्ली त्या क्षणी वादक नसतो, वसुलीवाला असतो.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे वादक मंडळी सवयीने एकमेकांच्या सुरात आणि तालात येतात. रियाजात हार्मोनियम एका स्वराने वर लावून घ्या, म्हणजे एकत्र येणं अवघड होईल.

आईचा प्रसंग. छोटा आहे. नुसते लांब सूर. शिवरंजनी सुरू करायचा मोह आवरा, मालिकेतली सासू आठवते.

धुण्याचा प्रसंग. यावर गज_आणि_तार यांनी लिहावं.

गज_आणि_तार

जिप्सींच्या तळावर पळवलेली मुलगी, म्हणजे एडना पर्व्हियन्स, टबात कपडे घासत असते आणि चार्ली तिच्यासमोर फिडल काढतो. लय वाढते तशी ती घासायला लागते. संगीत आणि धुणं एकाच दोरीने बांधलेलं. तो मैफलीच्या थाटात मान झुकवत, वाकत वाजवतो आणि शेवटी मागच्या पाण्याच्या टबात पडतो. अख्ख्या चित्रपटातला हा सर्वांत सुरेख भाग. गाणाऱ्याची ऐट आणि राबणारीचे हात एका चौकटीत, आणि दोघांत कुणाचीही टिंगल नाही.

साथ करताना बोटांकडे पाहू नका, गजाकडे पाहा. गजाची दिशा बदलते तो क्षण मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसतो. आपला गज त्याच क्षणी वळला की ‘पडद्यावरचाच आवाज’ हा भास पक्का होतो. बोटं जुळवायला गेलात तर दोन्ही चुकतं.

लय मिनिटाला ८० मात्रांपासून धरून १८० च्या आसपास न्यावी. वाढवायची ती पायरी-पायरीने. एडनाचे हात ज्या क्षणी वेग घेतात त्याच्या आधी अर्धा क्षण व्हायोलिनने पुढे जायला हवं. कारण पडद्यावर संगीत तिला ओढतंय, ती संगीताला नव्हे. हे उलटं झालं तर प्रसंगाचा अर्थ बदलतो. तो पाण्यात पडतो तिथे कसलाही ‘ढुम्म’ नको. सूर मध्येच तुटू द्या आणि दोन सेकंद पूर्ण शांतता. हसू त्या शांततेत येतं.

डावा-उजवा गोंधळ होतो तो असा. चार्ली डावखुरा, आपला वादक उजवा, त्यामुळे पडद्याशेजारी उभं राहिल्यावर दोघे आरशातल्यासारखे दिसतात. वादकाला पडद्याच्या उजव्या बाजूला, पडद्याकडे तिरका बसवला तर ते प्रेक्षकांना खुपत नाही, उलट छान दिसतं.

उपटसुंभ

इतकी यातायात करण्यापेक्षा संगीत आधी ध्वनिमुद्रित करून लावलं तर?

पडद्यामागे

चालेल, पण तीन ठिकाणी फसतं.

ब्लूटूथ स्पीकर वापरला तर आवाज १५० ते २०० मिलिसेकंद मागे पडतो. एरवी ते खपून जातं, गजाच्या वळणाला मात्र नाही. तार जोडून स्पीकर लावा.

मुद्रण एका वेगाच्या फाइलवर केलं आणि खेळाला दुसऱ्या वेगाची लावली तर २५ मिनिटांत मिनिटा-दोन मिनिटांचा फरक पडतो. चित्र आणि आवाज एकाच फाइलमध्ये पक्के जोडून घ्या.

आणि हसण्याची जागा. प्रत्यक्ष वाजवणारा प्रेक्षक हसेपर्यंत एक आवर्तन जास्त घेतो. मुद्रित संगीत कुणासाठी थांबत नाही.

वादकांना पडदा तिरका दिसत असेल तर समोर छोटा मॉनिटर ठेवतात. तो आणि प्रोजेक्टर यांच्यात कधी कधी थोडा विलंब असतो. वादकांनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहू नये, एकच धरावं. शक्यतो मोठा पडदाच.

बिनबोली

चौकटीच्या आकाराबद्दलही सांगा ना. रुंद टीव्हीवर चार्ली जाडा दिसतो तो प्रकार.

पडद्यामागे

मूकपटाची चौकट ४:३. ती १६:९ वर ताणली की सगळं एक तृतीयांशाने रुंद होतं. जिप्सी म्होरक्या झालेला एरिक कॅम्पबेल मुळातच धिप्पाड, तो मग कपाटासारखा दिसतो. प्रोजेक्टरच्या मेनूत आणि व्हीएलसीत, दोन्हीकडे ४:३ तपासा. एकाने बरोबर केलेलं दुसरा बिघडवतो. ८ फूट रुंद, ४.५ फूट उंच पडदा असेल तर चित्र ६ बाय ४.५ फुटांचं येईल आणि दोन्ही बाजूंना फूटभर काळी पट्टी राहील. ती राहू द्यायची. ‘पडदा भरून दाखवा’ म्हणून कुणी झूम केलं की वरून टोप्या आणि खालून पाय कापले जातात. चॅप्लिनच्या चित्रपटात पाय कापणं म्हणजे मग पाहायचं काय?

दुसरं कापणं जास्त छुपं असतं. १९३२ मध्ये व्हॅन ब्यूरेन यांनी हे बाराही चित्रपट प्रत्येकी १०,००० डॉलरला विकत घेतले आणि संगीत व धडपडीचे आवाज जोडून पुन्हा बाजारात आणले. आवाजाची पट्टी फिल्मवर चित्राच्या डाव्या कडेला बसते. तिला जागा करायची म्हणजे डावीकडचं चित्र जातं, रुंदीचा साधारण दहावा हिस्सा. फुकट मिळणाऱ्या अनेक प्रती याच वंशावळीतल्या. चित्रातली माणसं सतत डावीकडे सरकल्यासारखी आणि डाव्या कडेला कुणाचा तरी खांदा अर्धवट दिसला तर ओळखा.

आणखी एक कारण आहे प्रती वेगवेगळ्या असण्याचं. त्या काळी दोन कॅमेरे शेजारी-शेजारी लावून दोन निगेटिव्ह करायचे, एक अमेरिकेसाठी आणि एक परदेशासाठी. कोन किंचित वेगळा, कधी कधी टेकही वेगळा. त्यामुळे दोन प्रतींत तोच प्रसंग तंतोतंत जुळला नाही तर कुणीतरी छेडछाड केली असं लगेच समजू नये.

घ्यायची तर इटलीतल्या बोलोन्याची सिनेमातेक (चित्रपट-संग्रह संस्था) आणि पॅरिसची लॉबस्टर फिल्म्स यांनी जीर्णोद्धार केलेल्या संचातली प्रत घ्या. चौकट पूर्ण आणि वेगही सुधारलेला आहे.

दोनरिळी

पाट्या मराठीत करायच्या तर? एसआरटी (उपशीर्षकांची फाइल) जोडली, पण इंग्रजी अक्षरांवर मराठी येतं आणि दोन्ही वाचता येत नाहीत. काही जोडाक्षरंही फुटली आहेत.

बिनबोली

दोन वेगळ्या अडचणी आहेत. जोडाक्षरं फुटतात कारण प्लेअरने निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नीट नाही. व्हीएलसीच्या उपशीर्षक सेटिंगमध्ये नोटो सान्स देवनागरी निवडा. सगळीच अक्षरं प्रश्नचिन्हं झाली असतील तर फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात जतन झालेली नाही. पुन्हा उघडून तशी जतन करा.

एकावर एक येण्याला खरा उपाय म्हणजे इंग्रजी पाटी काढून तेवढ्याच वेळाचं काळं मराठी कार्ड संपादनात बसवणं. पाट्या फार नाहीत, संध्याकाळभराचं काम आहे. वेळ तंतोतंत तोच ठेवा, नाही तर पुढचं सगळं संगीत सरकेल. कार्डावर दोन ओळी, ओळीत पाच-सहा शब्द. भाषांतर करताना जुनाट नाटकी मराठी टाळा, साधं बोलतं ठेवा.

एसआरटीच ठेवणार असाल तर एक दिलासा: व्हीएलसीत वेग कमी केला तरी उपशीर्षकं चित्रासोबतच राहतात. ती वेगळी ताणावी लागत नाहीत.

उपटसुंभ

चित्रपटाचं एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो. पळवलेली मुलगी, चाबूक मारणारा जिप्सी म्होरक्या, अंगावरची शॅमरॉकच्या पानाची खूण आणि त्यावरून आईला पटलेली ओळख... हा मसाला आपल्या तमाम हरवले-सापडलेपटांचा आजोबा नाही का? आणि शेवट तर अगदीच घाईत उरकलाय.

बिनबोली

मसाला आहेच, नाकारत नाही. जिप्सी मुलं पळवतात हा रोमा लोकांविषयीचा जुना, खोटा आणि त्यांना फार महाग पडलेला समज आहे. खेळाआधी दोन वाक्यांत तो तसा सांगावा, कापाकापी करू नये. तळावरची म्हातारी लिओ व्हाइट या पुरुष नटाने केली आहे, हेही जाता जाता.

पण कथानकाच्या मधलं पाहा. चार्ली मुलीचं तोंड बादलीतल्या पाण्याने घासतो, कान-नाक फडक्याने कोरतो, केसांत उवा शोधतो. आईने पोराला धरून घासावं तसं! प्रेमाचा प्रसंग असा लिहायला हिंमत लागते. मग चित्रकार येतो आणि चार्लीचं पाणी होतं. हा चित्रकार म्हणजे लॉइड बेकन, पुढे ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ दिग्दर्शित करणारा.

शेवटाबद्दल मात्र सहमत नाही. आई मोटार घेऊन येते, चार्लीला पैसे देऊ करते, तो नाकारतो. ज्याने पहिल्या पाच मिनिटांत दुसऱ्याच्या बँडची कमाई टोपीत घातली, तोच हा. मोटार जाते आणि मग वळून परत येते. तो वळणारा क्षण खरंच घाईत आहे, पण नकार घाईत नाही.

भातासूर

त्या नकाराच्या वेळी काहीही वाजवू नका, अशी सूचना. हार्मोनियमचा भाता सुद्धा बंद. मोटार वळली की सुरुवातीचीच तीन मात्रांची चाल व्हायोलिनवर, आणि या वेळी हार्मोनियमने तिच्याच सुरात, तिच्याच तालात यायचं. सुरुवातीला एका स्वराने वर लावलेली हार्मोनियम म्हणजे इथे एक स्वर खाली उतरून वाजवावं लागेल, तेवढं रियाजात बसवून घ्या. निदान तीन पूर्ण तालमी चित्रपटासोबत हव्यात. पहिली नुसती प्रसंगांची यादी करायला, वाद्यं न उघडता.

दोनरिळी

सर्वांचे आभार. एकच उरलं: हक्कांचं काय?

पडद्यामागे

१९१६ चा चित्रपट अमेरिकेत कधीच सार्वजनिक मालकीचा झालाय. भारतात चित्रपटाचा हक्क ६० वर्षांचा, तोही संपला. पण जीर्णोद्धार केलेल्या प्रतीवरचं नवं संगीत नवंच असतं, त्याचा हक्क शाबूत. खेळाचं चित्रीकरण करून जालावर चढवणार असाल तर ते संगीत बंद ठेवूनच खेळ करा आणि वादकांनी ओळखीच्या सिनेमातल्या चाली घेऊ नयेत, नाही तर आपोआप दावा लागतो. डिस्क विकत घेतली म्हणजे जाहीर खेळाची परवानगी मिळाली असंही नाही, वितरकाला आधी विचारून घ्या.

आणि हॉलवाल्याला प्रोजेक्टरचा केबल किती लांब आहे ते आजच विचारा. वादक पडद्याच्या उजवीकडे बसवायचे ठरलंय, केबल नेमका तिथूनच येतो.